रीसलिंग आणि आपला रस्सा



शाळेच्या मंचावर वाइनचा विषय! पण बाईंनी हसून मान डोलावली, म्हणून धीर आला. मी जर्मनीत राहते, तेव्हा तिथल्याच रीसलिंग या पांढऱ्या वाइनबद्दल बोलते.

मोझेल नदीकाठी ही द्राक्षं चढावरच्या पाटीच्या दगडात वाढतात. हो, पहिलीत आपण ज्यावर अक्षरं गिरवली, तोच दगड! दिवसा तापतो, रात्री वेलींना ऊब देतो. हवा थंड, त्यामुळे द्राक्षं सावकाश पिकतात आणि त्यांचा आंबटपणा टिकतो. या वेलींच्या खरेदीची जर्मनीतली नोंद १४३५ सालची आहे.

बाटलीवर 'ट्रोकन' असेल तर वाइनला गोडवा जवळजवळ नसतो. ती तळलेल्या माशाबरोबर छान. आंबटपणा लिंबाच्या फोडीचं काम करतो. गोडसर 'काबिनेट'मध्ये अल्कोहोल बहुधा आठ-नऊ टक्केच. अल्कोहोल जास्त असलं की तिखट अधिक झोंबतं, गोडव्यानं शमतं. म्हणून झणझणीत रश्श्याला ही काबिनेट, थंडगार करून.

परदेशी पाहुणे जेवायला येणार म्हटलं, की आपण मिरची कमी करतो, मसाला आवरतो. जणू आपलंच जेवण वाइनला शोभणार नाही. तसं करू नका. रस्सा आहे तसाच ठेवा, बाटली त्याच्या जोडीची निवडा.

जे घेत नाहीत त्यांनी खुशाल कोकम सरबत घ्यावं. आंबटगोडाची युक्ती तीच!