तिसऱ्या गोदामाचा मुकादम

 

भिवंडीजवळच्या पूर्णा गावात मी पहिल्यांदा आलो तेव्हा इथे एवढी गोदामं नव्हती. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवणं व्यापाऱ्यांना सोयीचं, म्हणून पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे इथल्या भातखाचरांत गाळे उभे राहू लागले. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. पण माझं शिक्षण गोदामात नाही, भिवंडीच्या यंत्रमागावर सुरू झालं.

मी नुकताच संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालो होतो. एका मागवाल्या शेठना तीन व्यापाऱ्यांचं सूत तपासून हवं होतं. कुठल्या सुताचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, कमी तुटतो? मी तीन माग घेतले, प्रत्येकावर एकेक सूत चढवलं, आठ दिवस तुटलेले धागे मोजले आणि अनोव्हा, म्हणजे विचरणाचं विश्लेषण केलं. एफचं मूल्य भरभक्कम आलं. मी खूश. तिथल्या माग सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या जॉबरने माझ्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "साहेब, दोन नंबरचा माग मुळातच धागा तोडतो. तुम्ही सूत मोजलंत का माग?"

मला उत्तर देता येईना. पुढचे अडीच महिने प्रत्येक सुताचा बीम पाळीपाळीने तिन्ही मागांवर चढवला, तेव्हा कळलं की फरकाचा मोठा वाटा मागाचा होता. त्या जॉबरला मी आजही गुरू मानतो.

बऱ्याच वर्षांनी एल. एच. सी. टिपेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाच्या १९५०च्या पुस्तकातली आकडेवारी माझ्या हाती लागली. विषय तोच, ताण्याच्या तुटी. दोन प्रकारची लोकर, तीन प्रकारचे ताण, प्रत्येक जोडीला नऊ माग, एकूण ५४. ताण कमी असताना पहिल्या लोकरीच्या तुटींची सरासरी ४४.६, दुसरीची २८.२. ताण मध्यम केला की उलटंच, पहिलीची २४.० आणि दुसरीची २८.८. आता सांगा, लोकर कुठली चांगली? आधी ताण विचारल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. पुस्तकात याला परस्परक्रिया म्हणतात. आणि त्या ४४.६च्या पोटात शिरून पाहा. एका मागावर २५ तुटी, दुसऱ्यावर ७०. लोकर तीच, ताण तोच.

अनोव्हाचा जीव इथेच आहे. रोनाल्ड फिशरने १९२०च्या दशकात रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ही रीत बसवली, तिचा गाभा म्हणजे एक साधा भागाकार, तोच एफ. अंशात गटागटांमधला फरक, छेदात गटाच्या आतला फरक. अंशाकडे सगळे बघतात. छेदाकडे कोणी बघत नाही.

आपल्याकडे ही विद्या शेतीतूनच आली. वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी १९५४मध्ये शेतीच्या संशोधकांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं. शेतकी कॉलेजातला विद्यार्थी आजही कुठल्या वाफ्यात कुठलं बियाणं हे चिठ्ठ्या टाकून ठरवतो. आम्ही धंद्याच्या संशोधनातल्या लोकांनी सूत्र तेवढं उचललं आणि चिठ्ठ्या शेतातच सोडल्या. कंपनीने फाइल द्यायची, आम्ही बटण दाबायचं. माझी आमच्या व्यवसायाबद्दलची ही तक्रार तीस वर्षांची आहे, आणि त्यात मीही गुन्हेगार आहे.

एका कंपनीची तीन गोदामं होती. तिसऱ्यात मालाची मोडतोड जास्त, अशी वरिष्ठांची खात्री. अहवाल चार दिवसांत हवा होता. मी तिन्हींची एकत्र चाचणी न करता दोन-दोनच्या जोड्या लावून तीन टी-चाचण्या केल्या. प्रत्येक चाचणीत चुकीची पाच टक्के मुभा घेतली, तर तीन चाचण्यांत मिळून ती चौदा टक्क्यांपर्यंत चढू शकते, हे मला पाठ होतं. तरी केल्या. एका जोडीत फरक लक्षणीय निघाला. मी सही केली. तिसऱ्या गोदामाच्या मुकादमाला काढून टाकलं.

काही महिन्यांनी रोजच्या नोंदी माझ्यासमोर आल्या. मोडतोड मोजक्याच दिवशी झाली होती, आणि त्या प्रत्येक दिवशी काचसामानाचा ट्रक उतरला होता. बाकी दोन गोदामांत काच जातच नव्हती. गटाच्या आतलाच फरक एवढा होता की तिन्हींची एकत्र चाचणी केल्यावर काही उरलं नाही. मी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तो मुकादम मला पुन्हा भेटला नाही.

आज या परिसरात हातातला स्कॅनर प्रत्येक खोक्याची वेळ टिपतो. दहा कामगारांच्या हजार नोंदी क्षणात पडद्यावर येतात. पण माणसं दहाच आहेत. एका हाताच्या शंभर नोंदींना शंभर साक्षीदार समजू नका. आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले कितीतरी जण उद्या याच गोदामांच्या कचेऱ्यांत बसतील. गटांच्या सरासऱ्या समोर येतील आणि साहेब विचारतील, "सगळ्यात वाईट गट कुठला?"

नाव सांगण्याआधी उठा आणि गोदामात जा. कुठल्या दिवशी कुठला माल उतरला, कोण कुठल्या पाळीला होतं, ते विचारा. रोजच्या नोंदी मागा. छेद बघा. तो बघितला नसेल, तर कितीही घाई असू दे, सही करू नका.