लोखंडापासून दूर

भिलाईच्या सेक्टर 2 मधील रहिवाशांना लोखंडाचे नावीन्य ते काय! 1959 साली तेथील पहिली झोतभट्टी पेटली आणि साऱ्या वसाहतीचा संसार लोखंडावर उभा राहिला. परंतु पृथ्वीचे क्षीण चुंबकत्व मोजणाऱ्यास हेच लोखंड वैरी वाटते. लोखंडी कपाटाजवळ साधे होकायंत्रही ढळते. मग वेधशाळेतील नाजूक उपकरणांची काय कथा?

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय वेध घेतले जात. 1859 च्या महान चुंबकीय वादळाची नोंद तेथेच झाली. पुढे शहरात विजेची ट्रॅम येण्याचे घाटू लागले. तिच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. त्यांनी 1904 साली अलिबागेस लोखंडविरहित वेधशाळा उभारली आणि सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले. म्हणूनच जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळला.

आता स्फटिकाच्या पृष्ठभागावरून ध्वनितरंग सोडून चुंबकत्व मोजणारे संवेदक निघाले आहेत. स्फटिकावरील चुंबकीय लेपाचा ताठरपणा क्षेत्रानुसार बदलतो. त्यामुळे तरंगाचा वेगही किंचित बदलतो, आणि तेवढ्या फरकावरून क्षेत्र कळते. साधन नवे आहे; तथापि त्याच्याजवळ लोखंड असेल, तर तेही प्रथम लोखंडाचीच साक्ष देईल. मूस यांचा विवेक म्हणूनच आजही जुना झालेला नाही.