आल्डी, लिडल आणि घरची सायडर



ब्रिटनमध्ये घरी पिण्यापुरती बिअर बनवायला १९६३ पासून परवाना लागत नाही.
विकायची मात्र मुभा नाही.

घरी असं पेय बनवणारी हौशी मंडळी खरेदीला कुठे जातात?
आल्डी आणि लिडल या स्वस्त सुपरमार्केटांत.
तिथल्या मधल्या रांगेत दर आठवड्याला नवा माल येतो.
संपला की संपला!

त्यात काय हेरायचं?
स्टीलचं मोठं पातेलं.
वजनकाटा.
थर्मामीटर.

खाण्यापिण्याच्या फळीवर मिळतो सफरचंदाचा रस.
त्यात यीस्ट घातलं, की रसातल्या साखरेचं मद्य होतं.
हीच सायडर.

पण आधी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायची.
पोटॅशियम सॉर्बेट लिहिलंय?
मग खोकं परत फळीवर.
सॉर्बेट यीस्टला वाढूच देत नाही.

सायडर भरायच्या बाटल्यांचंही तसंच.
तारेच्या कडीची बाटली दिसते देखणी.
पण शोभेची, पातळ काचेची असेल, तर यीस्टने सोडलेल्या वायूच्या दाबाने ती फुटू शकते.

श्रोतेहो, पुन्हा सांगायचं तर,
रसात सॉर्बेट नको.
बाटलीला पातळ काच नको.

ग्रोल्श बिअरच्या कडीवाल्या बाटल्या जाड काचेच्या असतात.
म्हणून त्या रिकाम्या झाल्या, तरी ही मंडळी टाकत नाहीत.
धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा भरतात.