अंडी पुष्कळ, पिल्ले थोडी
(नंदुरबार जिल्हा बैठकीतील भाषण)



दर बैठकीत आपण कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर बोलतो. आज कोंबडीवर बोलणार म्हटल्यावर काही जण हसले. हसू द्या. पाऊस दगा देतो, बोंडअळी कापूस खाते, तेव्हा बाजाराच्या दिवशी तेलमीठ येते ते कोंबडी विकूनच. अक्कलकुवा, धडगावकडे तर घराची तिजोरी म्हणजे कोंबड्या, आणि तिची किल्ली बायांच्या हाती.

२००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तीच वेळ आली. अशा घरात चार कोंबड्या नव्याने आणल्या, तर बाकीचा कळप घरच्या अंड्यांतूनच उभा राहतो. म्हणून अंड्यातून पिल्लू निघते की नाही, हा पैशाचा प्रश्न आहे.

आमच्याकडे खुडूक कोंबडीखाली १४ अंडी ठेवली, पिल्ले निघाली ५. दुकानदार म्हणाला, कोंबड्यात दम नाही, आणि टॉनिकची बाटली गळ्यात मारली. बाटली संपली, पुढच्या खेपेला पिल्ले ६. मग आम्ही राहिलेली अंडी फोडून पाहिली. दोनच वांझ होती. बाकीच्यांत पिल्लू अर्धेमुर्धे वाढून मेलेले. कोंबड्याने आपले काम केले होते. दोष शोधायचा तो कोंबडीच्या दाण्यात.

आता हिशेब मांडू. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. १०० ग्रॅम ज्वारीत ते सुमारे २५ मिलिग्रॅम. कोंबडी दिवसाला १०० ग्रॅम खाते असे धरले, तर एका कवचासाठी ८० दिवसांची ज्वारी लागेल! किडेमुंग्या आणि पाला खाऊन ती थोडे भरून काढते, बाकीचे स्वतःच्या हाडांतून देते. उत्पादनखर्च भरून निघत नाही असे आपण सरकारला सांगतो. इथे कोंबडी तेच सांगते आहे आणि सरकार आपण आहोत.

कवच पातळ झाले की अंडे तडकते, आतला ओलावा उडतो. शिवाय पिल्लाची हाडे बनतात ती त्या कवचातलाच चुना घेऊन. दाण्यात फॉस्फरस असतो, पण त्यातला बराचसा अशा रूपात बांधलेला असतो की कोंबडीला तो पचत नाही. मँगनीज आणि जस्त लागते कणभर, पण मँगनीज कमी पडले तर आखूड पायांचे, पोपटासारख्या चोचीचे पिल्लू कवचातच मरते. गव्हाच्या कोंड्यात मँगनीज भरपूर आहे. तो कोंडा आपण गुरांपुढे टाकतो. मूठभर इकडेही टाकावा.

आणि आपली सरकी. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते, त्याने साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. तिच्या तेलातल्या काही आम्लांनी पांढरे गुलाबी होते आणि उबवण घटते. म्हणून ज्यांची अंडी बसवायची त्या कोंबड्यांना सरकी किंवा तिची पेंड देऊ नये, घरची फुकटची असली तरी.

करायचे काय? अंड्यांची टरफले तव्यावर भाजून बारीक चुरावीत. आख्खी टाकली तर कोंबडी अंडी फोडायला शिकते. नदीचे शिंपले कुटून किंवा चुनखडीची कणी दिली तरी चालते. कळीचा चुना मात्र नको, तो भाजतो. हे वेगळ्या भांड्यात, संध्याकाळी ठेवावे, कारण कवच बनते ते बहुतेक रात्री. दाण्यात मिसळू नये: वाढत्या पिल्लांच्या पोटात जास्त चुना गेला तर मूत्रपिंड बिघडते, आणि कोंबड्याला तर तो फार लागतच नाही.

सगळेच खनिजांवर ढकलू नका. शिळी अंडी, उन्हाळ्याची धग, अंड्यांवरून सारखी उठणारी कोंबडी, यांनीही पिल्लू मरते. म्हणून सातव्या दिवशी रात्री अंडे बॅटरीसमोर धरा. लाल शिरा दिसल्या तर पिल्लू धरले आहे. काहीच दिसले नाही तर अंडे वांझ. वांझ किती आणि धरून मेलेली किती, हे दोन आकडे वेगळे लिहा. वांझ जास्त असतील तर कोंबड्याकडे बघू, आठ-दहा कोंबड्यांमागे एक आहे की नाही तेही पाहू. मेलेली जास्त असतील तर आधी टरफलांचे भांडे ठेवा आणि पुढच्या बैठकीला वही घेऊन या. मायबहिणींनी यावे, कारण आकडे त्यांनाच माहीत असतात.