टोळीला पेलेल तेच हत्यार
(गणेशोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आपल्या सदलग्यातली मुलं-मुली आज पुण्या-बंगळूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत. सुट्टीला घरी आली तरी रात्री फोन वाजतो आणि पोर लॅपटॉप उघडून बसतं. आई विचारते, "एवढं काय बिघडलं रे?" त्या फोनाचा आणि हत्यारं निवडण्याचा संबंध मी आज सांगणार आहे.

पूर्वी प्रोग्राम लिहिणारे वेगळे आणि तो सर्व्हरवर चालवणारे वेगळे असत. बिघाड झाला की दोघं एकमेकांकडं बोट दाखवायचे. २००९ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात पॅट्रिक डेबॉय यांनी या दोघांना एकत्र आणणारी परिषद भरवली, तिथून 'डेव्हऑप्स' हा शब्द रूढ झाला. केलेला बदल नोंदवून ठेवायचा, आपोआप तपासायचा, सर्व्हरवर चढवायचा आणि नंतर लक्ष ठेवायचं, एवढंच ते काम. नोंदीला गिट, तपासणीला जेन्किन्स, प्रोग्राम डब्यात बंद करायला डॉकर, आणि असे डबे शेकड्यांनी झाले की ते सांभाळायला कुबरनेटिस.

आपल्याकडं गुऱ्हाळाची काहील घेताना शहाणा मालक गुळव्याला विचारतो, कारण रात्रभर तिच्याजवळ तोच उभा असतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र हत्यार ठरवतो एक आणि रात्री उठतो दुसराच. टोळी सहा जणांची, ग्राहक चार, आणि मोठ्या कंपन्यांत आहे म्हणून कुबरनेटिस! गूगलनं ते २०१४ मध्ये खुलं केलं, त्यामागं हजारो यंत्रं चालवल्याचा अनुभव होता. दोन एकर उसासाठी साखर कारखाना काढावा, तसं हे. मग ते हत्यार टोळीत एकालाच कळतं, आणि त्याला गणपतीला गावी येता येत नाही.

हत्यारं वाढवली म्हणजे धोका कमी होतो असंही नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या नामांकित कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या इंजिनिअरनं चुकून चालू डेटाबेसच पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. जपणुकीचे पाच मार्ग होते, त्यातला एकही धड चालत नव्हता. एक तर आवृत्ती जुळत नसल्यानं कधीपासून बंद पडला होता, आणि तसं कळवणारे ईमेल पोचतच नव्हते. सहा तास आधी सहज काढून ठेवलेल्या एका प्रतीनं वाचवलं. कंपनीनं हे सगळं जगाला उघड सांगितलं, ते मला फार मोठं वाटतं.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. लिनक्सचे लोक बिटकीपर नावाचं दुसऱ्याच्या मालकीचं हत्यार फुकट वापरत होते. २००५ मध्ये ती सवलत गेली. लिनस टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत गिट लिहायला घेतलं आणि आज जग ते वापरतं. पण आपल्या टोळीत टोरवाल्ड्स नसतो! २०२३ च्या ऑगस्टमध्ये हॅशिकॉर्पनं टेराफॉर्मचा परवाना बदलला. वापरणाऱ्यांपैकी काहींनी ओपनटोफू ही वेगळी चूल मांडली. म्हणून घेतानाच विचारा, उद्या हे सोडायचं तर आपला माल आपल्या हातात येतो का.

बेळगाव-निपाणीत चार जणांची कंपनी काढू पाहणाऱ्यांना माझं सांगणं असं, की गिट घ्या, तपासणीचं एक साधन घ्या, एक सर्व्हर घ्या. डॉकर जमत असेल तर घ्या, कुबरनेटिस राहू द्या. जपलेली प्रत दर महिन्याला दुसऱ्या यंत्रावर खरोखर उतरवून बघा. आणि रात्रीच्या फोनाची पाळी लावा, मालकाचंही नाव त्यात असू द्या. नवं साधन विकत घ्यायचा उत्साह त्यानं आपोआप बेतात येतो.

आता प्रश्न विचारा. आयांचे आधी घेतो.