एका वाड्यातील अनेक बिऱ्हाडे : सर्व्हरवरील मुक्तस्रोत साधनांची पारख

वेतनाच्या नोंदी, पत्रव्यवहार, ग्रंथालयाची सूची ही सर्व कामे एकाच सर्व्हरवर सरमिसळ करून ठेवली, तर एका कामातील बिघाडाने बाकीची कामेही अडतात. उलट, प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर घेतला, तर बहुतेक यंत्रे दिवसाचा बराच वेळ रिकामी बसतात आणि वीज मात्र खात राहतात. यावर संगणकशास्त्राने काढलेला तोडगा म्हणजे आभासी संगणक होय. वाडा एकच, पण त्यात अनेक बिऱ्हाडे, प्रत्येकाची चूल निराळी आणि कुलूपही निराळे. जागा, पाणी व उजेड यांची वाटणी करणारा वाड्याचा कारभारी म्हणजे ‘हायपरव्हायजर’ नावाची आज्ञावली.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली होती. साध्या सर्व्हरवर ही सोय रुजली ती मात्र पुष्कळ पुढे. फेब्रुवारी २००७ मध्ये ‘केव्हीएम’ हा कारभारी लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाला आणि ज्याच्यापाशी लिनक्स, त्याच्यापाशी आभासी संगणकाची सोय, अशी स्थिती आली.

आज हा विषय पुन्हा ऐरणीवर येण्यास एक व्यवहारी कारण आहे. या क्षेत्रात दीर्घकाळ अग्रेसर असलेली व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत सुरू केली. त्यानंतर अनेक देशांतील संस्था मुक्तस्रोत साधनांची चाचणी घेऊ लागल्या. भारत सरकारने तर २०१५ मध्येच शासकीय कामात मुक्तस्रोत आज्ञावलींना अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले होते. मुक्तस्रोत म्हणजे फुकट, असा एक गोड गैरसमज आहे. आज्ञावलीचा मूळ मजकूर उघडा असतो, तो वापरण्यास व बदलण्यास मोकळीक असते, एवढाच त्याचा अर्थ. शिकलेला माणूस आणि त्याचा वेळ यांचा खर्च चुकत नाही.

साधने अनेक आहेत. एकदोन सर्व्हर असलेल्या शाळेला किंवा लहान कार्यालयाला ‘व्हर्ट-मॅनेजर’ अथवा ‘कॉकपिट’ पुरेसे ठरते. त्याहून जड काही घेणे हा हौसेचा भाग. अनेक सर्व्हरांची मोट बांधावयाची असेल, तर व्हिएन्नातील कंपनीने २००८ पासून चालविलेले ‘प्रॉक्समॉक्स’ पाहावे. त्याचा पाया डेबियन लिनक्सचा आणि कारभारी केव्हीएमच. केंब्रिज विद्यापीठात जन्मलेल्या ‘झेन’ या कारभाऱ्यावर उभे असलेले ‘एक्ससीपी-एनजी’ हा आणखी एक पर्याय.

निवड कशी करावी? पहिल्या दिवशी पडदा किती देखणा दिसतो यावर साधन निवडणे म्हणजे बैलाची रंगविलेली शिंगे पाहून सौदा करणे होय. दात पाहावयास हवेत. त्यासाठी एक जुना, कामातून मोकळा झालेला सर्व्हर घ्यावा. प्रोसेसरमधील आभासीकरणाची सोय पुष्कळदा मूळ मांडणीत बंद ठेवलेली असते; ती आधी सुरू करावी. मग दोनचार आभासी संगणक उभारून त्यांना मुद्दाम अडचणीत आणावे.

पहिली अडचण साठवणुकीची. शंभर गिगाबाइटची जागा दहा संगणकांना कबूल करावयाची आणि खरी डिस्क मात्र पाचशेचीच, असे या साधनांत करता येते. कारण जेवढे लिहिले जाईल तेवढीच जागा खर्च होते. डिस्क भरली की केव्हीएम सामान्यतः लिहू पाहणारा संगणक जागच्या जागी थांबवितो. साधन याची सूचना वेळेवर देते काय, आणि जागा मोकळी केल्यावर थांबलेले काम पुढे चालते काय, हे चाचणीतच पाहिलेले बरे.

दुसरी अडचण मोटेची. एकमेकांशी संपर्क तुटलेले दोन सर्व्हर एकच आभासी संगणक आपापल्याकडे चालवू लागले, तर त्याच्या डिस्कवरील नोंदींचा नाश ठरलेलाच. म्हणून येथेही ग्रामपंचायतीच्या सभेप्रमाणे गणपूर्ती लागते. निम्म्याहून अधिक मते असल्याखेरीज प्रॉक्समॉक्सचा सर्व्हर नवा संगणक सुरू करू देत नाही की मांडणीत फेरफार करू देत नाही. दोनच सर्व्हर असतील तर एक बंद पडताच दुसऱ्याची गणपूर्ती जाते, ही गोष्ट पुष्कळांना ऐन वेळी कळते. त्यावर उपाय आहे : केवळ मत देण्यापुरते एक लहानसे तिसरे यंत्र जोडावयाचे. चाचणीत एका सर्व्हरची जाळ्याची तार उपटून हे सारे घडताना पाहावे.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सहसा राहून जाते. ‘स्नॅपशॉट’ म्हणजे संगणकाची त्या क्षणाची स्थिती टिपून ठेवणे. अद्ययावतीकरण फसले तर मागे फिरण्यास ती फार उपयोगी. परंतु ती बहुधा त्याच डिस्कवर असते. डिस्क गेली की तीही गेली. खरी राखीव प्रत वेगळ्या यंत्रावर, शक्य तर वेगळ्या इमारतीत हवी. ती प्रत रिकाम्या सर्व्हरवर परत उभी करून दाखवावी. हे काम मांडणी करणाऱ्याने करू नये. दुसऱ्या कर्मचाऱ्याने केवळ लेखी टिपणाच्या आधारे करावे, शेजारी घड्याळ ठेवावे आणि वेतनाच्या यादीतील शेवटची नोंद जागेवर आहे काय ते तपासावे. मूळ साधन बाजूला ठेवून तीच डिस्क-फाइल साध्या लिनक्सवरील व्हर्ट-मॅनेजरमध्ये उघडते काय, हेही त्याच दिवशी पाहून घ्यावे.