बिघाडाचे कारण कोण ठरवणार?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



उसाचा काटा कारखान्याचा, उतारा काढणारी प्रयोगशाळाही कारखान्याचीच, आणि त्या उताऱ्यावर आपला भाव ठरणार. या प्रकारावर आपण वर्षानुवर्षे भांडत आलो. मोजणारा आणि पैसे देणारा एकच असला की माप कुणीकडे झुकते, हे इथे बसलेल्या कुणाला शिकवायला नको. आज मी तुमच्यापुढे असाच दुसरा एक काटा ठेवणार आहे. तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये असतो आणि त्याच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका भावाने माझ्यापुढे कागद ठेवले. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून नाव, गाव आणि कंपनी सांगत नाही. कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर, वय चौदा महिने, मीटरवर साडेसातशेच्या आत तास. ऐन मे महिन्यात, नांगरट चालू असताना इंजिन जाम झाले. वॉरंटी शिल्लक होती. ट्रॅक्टर ओढत शोरूमला नेला. चार दिवसांनी डीलरचा फोन आला, "एअर क्लीनरची निगा राखली नाही, धूळ जाऊन इंजिन घासले. वॉरंटीत बसत नाही. एक लाख सेहेचाळीस हजार लागतील."

भावाने कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने गोड आवाजात तक्रार क्रमांक दिला आणि डीलरला भेटायला सांगितले. डीलर म्हणाला, कंपनीच्या इंजिनिअरने नामंजूर केले, माझ्या हातात काही नाही. इंजिनिअर कोण, कधी आला, काय पाहिले, याचा एक ओळीचा कागद कुणी देईना. इकडे मृग तोंडावर आला आणि बँकेचा हप्ता काही इंजिन जाम झाले म्हणून थांबत नाही.

आता या प्रकारात कोण कोण होते ते पाहा. इंजिन उघडणारा फिटर त्यांचा. कारण सांगणारा इंजिनिअर त्यांचा. वॉरंटी लागू होते की नाही ते ठरवणारे कार्यालय त्यांचे. नामंजूर झाल्यावर जो सुटा भाग घ्यायचा तोही त्यांचाच, किंमतही तेच ठरवणार. म्हणजे आरोप करणारा, साक्षीदार, न्यायाधीश आणि दंड वसूल करणारा एकच! धूळ गेली असे त्यांनी म्हटले की बिल आपले. भाग सदोष होता असे म्हटले की बिल त्यांचे. सगळी रक्कम एका शब्दावर लटकलेली, आणि तो शब्द उच्चारण्याचा मक्ता एकाच बाजूकडे.

एक गोष्ट स्पष्ट करतो. धूळ खरोखर गेली असेल, फिल्टर महिनोन्महिने पाहिला नसेल, तर बिल आपले आहे आणि ते आपण भरले पाहिजे. आपली चळवळ फुकटाची नाही. पण आरोप ज्याने केला त्याने तो सिद्ध करावा, एवढे मागण्याचा अधिकार आपल्याला आहे.

लोखंड काय सांगते

या भावाने एक शहाणपणाचे काम केले. गावातल्या जुन्या मिस्त्रीला बरोबर घेऊन तो शोरूमला गेला आणि उघडलेले इंजिन पाहिले. तीन सिलिंडरपैकी एकच लायनर ओरबाडलेला, बाकीचे दोन धड. मिस्त्री म्हणाला, धूळ गेली तर ती सहसा सगळ्याच सिलिंडरमध्ये जाते, रिंगा आणि लायनर सगळीकडे कमीअधिक झिजतात. एकच लायनर गेला असेल तर आधी त्या सिलिंडरचे नोझल बघा. नोझल गळत असेल तर डिझेल लायनरवरचे ऑइल धुऊन काढते आणि पिस्टन कोरडा घासतो. नोझल तपासले का, असे विचारल्यावर फिटर गप्प बसला.

मिस्त्रीचे म्हणणे बरोबरच असेल असे मी म्हणत नाही. ते आयोग ठरवील. पण तो येईपर्यंत त्या बिघाडाला एकच कारण होते, तो आल्यावर दोन झाली. कंपनीचा मक्ता मोडला तो तिथे.

आपण ग्राहक आहोत का?

कंपनीचे वकील पहिला मुद्दा हाच काढतात की, ट्रॅक्टर धंद्यासाठी घेतला, म्हणून हा ग्राहक नाही. याला उत्तर आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १९९३ साली दुरुस्ती झाली, आणि स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'तून वगळली गेली. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, यंत्र चालवायला एक-दोन माणसांची मदत घेतली म्हणून माणूस ग्राहक राहत नाही असे नाही. २० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा लागू झाला, त्यातही ही तरतूद कायम आहे. म्हणजे स्वतःच्या शेतीसाठी ट्रॅक्टर ठेवणारा आणि एखादा ड्रायव्हर लावणारा शेतकरी ग्राहकच आहे. दहा ट्रॅक्टर भाड्याने फिरवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आणखी एक निकाल ध्यानात ठेवा. २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्ध आंध्रातल्या शेतकऱ्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. महामंडळाचे म्हणणे असे की शेतकऱ्यांनी बियाण्याचा नमुना तपासून घेतला नाही. न्यायालयाने विचारात घेतले की शेतकरी आणलेले सगळे बी पेरतो, नमुना बाजूला ठेवील अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. शेतकरी जिंकले. पण भावांनो, बी मातीत जाते, पिस्टन जात नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत नमुना आपल्याला ठेवता येतो, म्हणून तो ठेवलाच पाहिजे.

करायचे काय?

पहिले काम. ट्रॅक्टर शोरूममध्ये सोडताना जॉबकार्ड घ्या. त्यावर तारीख, मीटरचे तास आणि आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. मोबाइलवर फोटो काढा. इंजिन आमच्यासमोर उघडा, असे त्याच कागदावर लिहा.

दुसरे काम. उघडताना आपला मिस्त्री हजर ठेवा. इंजिनातले ऑइल कोरड्या, स्वच्छ बाटलीत भरून, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी सील करा. ऑइलमध्ये सिलिकॉनचे प्रमाण किती आहे ते प्रयोगशाळेत कळते, आणि त्यावरून धुळीचा अंदाज येतो. काढलेले भाग सोडू नका. वॉरंटीत बदललेला भाग कंपनी परत घेते. पण पैसे घेऊन दुरुस्ती केली तर जुना भाग आपला.

तिसरे काम. नकार तोंडी घेऊ नका. कोणत्या कारणाने, वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली, कुणी पाहणी करून नाकारले, हे लेखी मागा. पत्र डीलरला द्या आणि एक प्रत थेट कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पोचपावतीसह पाठवा. हे का, ते सांगतो. गोव्यात एका ग्राहकाला २००९ ची गाडी २०११ मध्ये नवी म्हणून विकली गेली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात कंपनीला मोकळे केले. डीलर हा स्वतंत्र व्यापारी आहे आणि त्याने काय केले ते कंपनीला माहीत होते हे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा पहिल्या दिवसापासून कंपनीला कळवत राहा आणि तक्रार करताना दोघांनाही प्रतिवादी करा. दोघे एकमेकांकडे बोट दाखवतील ते आयोगापुढे दाखवू देत.

चौथे काम. हंगाम तोंडावर असेल तर ट्रॅक्टर अडकवून ठेवू नका. दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा अधिकार कराराच्या कायद्याने दुरुस्ती करणाऱ्याला दिलेला आहे. तेव्हा पैसे भरा, पण बिलावर आणि पत्रात लिहा, "हरकत राखून रक्कम भरली." 'काम समाधानकारक झाले' अशा छापील कागदावर सही करू नका. पक्के बिल घ्या. बिल न देणे हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. मधल्या काळात भाड्याने नांगरट करून घेतली असेल तर त्याच्या पावत्या ठेवा, नुकसानभरपाई त्यावरूनच मागता येते.

एवढे कागद जमल्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटले तर उत्तम. नाही मिटले तर जिल्हा आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे. नव्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावे लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. यंत्रातला दोष तपासाशिवाय कळत नसेल तर योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. तो अर्ज पहिल्याच तारखेला द्या. कारण ठरवण्याचे काम कंपनीच्या हातून काढून तिसऱ्याच्या हाती देण्याचा हाच कायदेशीर मार्ग आहे.

काय मिळणार नाही?

खोटी आशा लावणे माझ्याने होणार नाही. एक भाग बिघडला म्हणून नवा कोरा ट्रॅक्टर मिळेल असे समजू नका. २००६ साली मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचा शब्द आहे, पूर्ण गाडीचा नाही. म्हणून मागणी नेमकी करा: बिलाची रक्कम, व्याज, भाड्याचा खर्च, तक्रारीचा खर्च. आयोगात वेळही लागतो. सामनेवाल्याने ४५ दिवसांत उत्तर द्यावे ही मर्यादा २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्की केली, तरी तारखा पडत राहतात. कंपनी थांबू शकते, आपल्याला पेरायचे असते. यावरच तर तिचा सगळा हिशेब उभा असतो!

खरे दुखणे

म्हणून एकेकट्याने खटला लढणे पुरेसे नाही. मुळाशी प्रश्न स्वातंत्र्याचा आहे. माल कुठेही विकण्याचे स्वातंत्र्य आपण मागतो, तसेच यंत्र कुठेही दुरुस्त करून घेण्याचे स्वातंत्र्य मागितले पाहिजे. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे निकष लागू झाले आणि इंजिनात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. बिघाडाचा संकेत वाचायला स्कॅनर लागतो, तो शोरूममध्ये. उद्या आपला मिस्त्री शेजारी उभा राहून काय पाहणार? लोखंड त्याला वाचता येते, बंद डबी वाचता येत नाही.

मोटारींच्या बाबतीत हे भांडण झाले आहे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड सांगितला, कारण सुटे भाग आणि तपासणीची साधने त्या खुल्या बाजारात येऊ देत नव्हत्या. कंपन्या अपिलात गेल्या. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' ठरवण्यासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल उघडले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात शेतकऱ्यांनी २०२३ साली असा कायदा करून घेतला, त्याचा अंमल १ जानेवारी २०२४ पासून सुरू झाला. कंपनीने शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मिस्त्रीला पुस्तिका, भाग आणि साधने रास्त दरात द्यावीत, असे तो सांगतो. हजारो एकर कसणाऱ्या तिथल्या शेतकऱ्यालाही ट्रॅक्टर कंपनीने रडवले, तेव्हा तो संघटित झाला. आपण तर दोन-चार एकरवाले.

सूट नको, अनुदान नको. तीन गोष्टी हव्यात. वॉरंटी नाकारताना पाहणीचा लेखी अहवाल द्या. सुटे भाग आणि त्यांचे दर जाहीर करून खुल्या बाजारात द्या. स्कॅनर आणि दुरुस्तीची पुस्तिका गावच्या मिस्त्रीला विकत मिळू द्या. पैसे मोजून घेऊ.

या मेळाव्यापुढे मी तीन ठराव ठेवतो. एक, प्रत्येक तालुका शाखेने दोन जाणत्या मिस्त्रींची नावे नोंदवावीत. कुणाचे इंजिन उघडणार असेल तर त्यांतला एक शेतकऱ्याबरोबर जाईल आणि पाहिलेले लिहून देईल. दोन, वॉरंटी नाकारलेल्या प्रत्येक प्रकरणाचे कागद शाखेत जमा व्हावेत. एकाच मॉडेलचा एकच भाग दहा गावांत गेला असे दिसले तर 'निगा राखली नाही' हे उत्तर चालणार नाही. तीन, वरच्या तीन मागण्यांचे पत्र जिल्ह्यातल्या प्रत्येक डीलरला आणि त्यांच्या कंपन्यांना जावे आणि महिनाभराने उत्तर घेण्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून शोरूमच्या दारात जावे.

मंजूर असेल तर हात वर करा.